एका पिशवीत दोन डबे

लेकरांना कसं खाऊ घालावं हे दुसऱ्या आयांना सांगणं, हे माझं काम आहे. मुरुडमधल्या एका अंगणवाडीत मी सेविका आहे. पोरांची वजनं घ्यायची, खिचडी वाढायची आणि महिन्यातून एकदा आयांना गोल बसवून चार गोष्टी सांगायच्या. त्या बैठकीत माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: "बायांनो, मोबाईल दाखवून घास भरवू नका. अशानं पोट भरतं, पण लेकरू जेवत नाही." हे मी अशा ठसक्यात म्हणायचे की समोरच्या बाया निमूट माना हलवायच्या. हे वाक्य आपल्या घराला लागू नाही, असं मला मागच्या वर्षापर्यंत खात्रीनं वाटत होतं.

दहावीला चांगले गुण पडले आणि माझी लेक लातूरला गेली. आमच्या भागात आता हे ठरूनच गेलंय. पोरगी हुशार निघाली की डॉक्टर करायची, आणि डॉक्टर करायची तर लातूरला टाकायची. माझं माहेर उमरीचं, त्यामुळे भाऊ म्हणत होता, नांदेडला ठेव, मी आहे लक्ष द्यायला. पण मुरुडहून लातूर तासाभरावर. आजारी पडली तर दुपारी निघून दुपारीच पोचता येईल, असा मी हिशोब केला. आजारी पडेल हा विचार तेव्हा कुठून सुचला होता, देव जाणे.

पाच महिन्यांत ती वर्गात चक्कर येऊन पडली. मेसचं जेवण मानवत नव्हतं, त्यामुळे कधी बिस्किटं, कधी पावभाजी, कधी नुसता चहा, असं चाललं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, वजन बघितलं आणि आम्हा दोघांना बसवून घेऊन सांगितलं की हिला औषधापेक्षा जेवणाची गरज आहे. मी अंगणवाडी सेविका आहे हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगायला तोंडच नव्हतं.

ह्यांचं किराणा दुकान आहे. बोलणं मोजकं, पण एकदा बोलले की बोलले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "डॉक्टर व्हायला गेली अन् पेशंट होऊन बसली. दोन महिने बघू. वजन वाढलं न्हाई तर सामान उचलायचं अन् घरी आणायचं." लेक तिथेच, रस्त्यात रडायला लागली. तिला लातूर सोडायचं नव्हतं. मला तिचं रडणं बघवत नव्हतं आणि तिचे मनगटाची हाडं दिसणारे हातही बघवत नव्हते. मी म्हणाले, "उद्यापासून डबा मी पाठवते."

आमच्याकडे डबा एसटीनं जातो. सकाळी नऊच्या लातूर गाडीला मुरुडच्या स्टँडवर आईबापांची ही गर्दी. प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी, पिशवीवर मार्करनं लेकराचं नाव. कंडक्टर त्या सगळ्या ड्रायव्हरच्या बाजूला रचून ठेवतो. "ही गाडी हाय का मेस?" असं रोज म्हणतो आणि रोज पिशव्या नीट उभ्या लावतो, आमटी सांडू नये म्हणून. लातूरला पोरं येऊन आपापली पिशवी उचलतात आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत पाठवतात. या कामाचे त्याला कुणी काही देत नाही, संक्रांतीचा तिळगूळ तेवढा आम्ही देतो. त्या माणसाचे उपकार किती घरांवर आहेत, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसेल.

तर माझा डबा सुरू झाला. भाकरीला तूप, भाजीत शेंगदाण्याचं कूट, वर एखादा लाडू. संध्याकाळी डबा घासूनपुसून रिकामा यायचा. मी तो ह्यांना उघडून दाखवायचे, अगदी शाळेतलं बक्षीस दाखवल्यासारखा. महिना झाला. लेक वजनकाट्यावर उभी राहिली आणि काटा होता तिथेच. मी काट्याला दोष दिला. ह्यांनी काही दोष दिला नाही, फक्त म्हणाले, "एक महिना राहिला." मी तूप वाढवलं.

मग डबे बदलले.

त्या दिवशी संध्याकाळी स्टँडवर पिशवी हातात घेतली आणि वास वेगळा आला. आंबट, लसणाच्या फोडणीचा. पिशवी माझीच होती, म्हणजे तशीच होती. दिवाळीला साड्यांच्या एका दुकानानं फुकट वाटलेल्या पिशव्या, त्या निम्म्या मुरुडकडे आहेत, आणि मार्करचं नाव धुवून धुवून पुसट झालेलं. आतला डबा काढला. आमच्या सगळ्या भांड्यांवर सासूबाईंचं नाव घातलेलं आहे. या डब्यावर कुणा भलत्याच माणसाचं नाव आणि पुढे 'सप्रेम भेट'. झाकण उघडलं तर कडेला अंबाडीच्या भाजीचं एक पान चिकटलेलं.

माझ्या लेकीला अंबाडी चालत नाही. लहानपणापासून नाही. ताटात दिसली तरी उठून जाते.

तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. पंक्चरच्या दुकानातून तसेच उठून आलेले, हाताला काळं ग्रीस. दुसऱ्या हातात माझा डबा.

"ताई, हा डबा तुमचा हाय का? माझ्या पोरीकडं आला आज."

मी हो म्हणाले. ते सांगू लागले. बायको सरकारी दवाखान्यात नर्स, तिची सकाळची ड्यूटी, त्यामुळे डबा तेच करतात. मूळचे देगलूरकडचे, घरात आंबटाशिवाय भागत नाही.

"पहिल्या घासालाच फोन आला बघा पोरीचा. म्हणली, पप्पा, ही भाजी तुमच्या हातची न्हाई, कुणाचा तरी डबा आलाय. मी म्हणलं, खा माय, कुण्या माउलीनं केलं असंल, टाकू नको. लई आवडलं तिला." मग जरा लाजत म्हणाले, "एक इचारू का? तुमच्या बटाट्यात काय होतं, असं इचारून राहिली पोरगी. काळं, बारीक. शेंगदाण्यावाणी लागतंय म्हणली, पण शेंगदाणा न्हाई."

"कारळाचं कूट," मी म्हणाले.

ही माझ्या आईची पद्धत. उमरीला आमच्या घरी बटाट्यात, वांग्यात शेवटी चिमूटभर कारळाचं कूट पडायचंच. लग्न होऊन मुरुडला आले तशी मीही घालते. अठरा वर्षांत या घरात एकानंही विचारलं नाही की यात काय आहे. ह्यांनी नाही, लेकीनं नाही. आणि जिला मी कधी बघितलं नाही, त्या पोरीला ते एका घासात कळलं होतं.

"तुमच्या पोरीला बी उमगलंच असंल की," ते म्हणाले. "आमची अंबाडी लई आंबट असते."

"हो, तिचापण फोन आला होता ना," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. फोन कसला येतोय. घरी जाऊन मीच केला.

"आजची भाजी कशी झाली होती गं?"

"छान."

"कशाची होती?"

मागून कसलासा व्हिडिओ चालल्याचा आवाज येत होता. "बटाट्याची ना? रोजच्यासारखीच होती की."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाला येईल ते बोलले. अंबाडी खाल्लीस तू, अंबाडी! उद्या त्यात अंडं असतं तरी तुला कळलं नसतं, आणि आपल्या घरात अंडं चालत नाही! सकाळी पाचला उठून मी कुणासाठी चुलीशी उभी राहते, त्या मोबाईलसाठी? ती काहीतरी सांगायला लागली, मी ऐकून घेतलं नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. ह्यांनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाले. सांगितलं असतं तर रविवारी टेम्पो घेऊन सामान आणायला गेले असते.

राग उतरायला एक दिवस लागला, आणि तो उतरवला दुसऱ्याच्या लेकरानं. अंगणवाडीत एक आई तिच्या दोन वर्षांच्या पोराला खिचडी भरवत होती आणि समोर मोबाईल धरला होता. मी सवयीनं तोंड उघडलं, "बाई, मोबाईल दाखवून..." आणि तिथेच थांबले. कारण माझ्या डोळ्यांसमोर आमचा टीव्ही आला.

लेक दोन वर्षांची होती तेव्हा घास तोंडात घ्यायची नाही. मग मी टीव्हीवर कार्टून लावायचे. डोळे तिकडे गेले की तोंड आपोआप उघडायचं, आणि मी पटापट वरणभात आत घालायचे. वाटी रिकामी झाली की सासूबाईंना दाखवायचे. तेव्हा मुरुडला लाइट सारखी जायची. लाइट गेली की तोंड बंद, मग आम्ही दोघी अंधारात वाटी धरून लाइटची वाट बघत बसायचो. पुढे शाळा मोबाईलवर आली तेव्हा तास बुडू नये म्हणून मोबाईलशेजारी ताट मीच ठेवलं. तांब्याला टेकवून मोबाईल उभा कसा ठेवायचा, ते तिला शिकवलंही मीच. रिकामी वाटी, रिकामं ताट, रिकामा डबा. मी आयुष्यभर भांडी रिकामी झाली का तेवढंच बघत आले होते.

रविवारी मी डबा एसटीत न ठेवता स्वतः घेऊन गेले. तीच पिशवी. लेकीची खोली एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, खाली घरमालकांची गाय बांधलेली. फाटकातून आत शिरले तशी गाय उठून उभी राहिली. पिशवीकडे बघून हंबरली, आणि दावं ताणून माझ्याकडे यायला लागली. मी घाबरून मागे सरले. मालकीणबाई हसत बाहेर आल्या. "भिऊ नका, मारत न्हाई ती. तुमच्या पोरीची पिशवी वळखते. रोज भाकरी घालती ना तिला."

मी तिथंच उभी राहिले. आधी हसू आलं, मग रडू आलं, मग परत हसू आलं. माझा डबा त्या घरात एका जिवाला पक्का ठाऊक होता. गाय कशी तुकतुकीत होती! महिनाभराचं तूप कुठे गेलं, ते मला कळलं.

वर गेले. मी ओरडणार म्हणून लेक आधीच भिंतीला टेकून उभी होती. मी डबा उघडला, दोघींना वाढलं आणि तिला टीव्हीची गोष्ट सांगितली. लाइट जाण्याची, तांब्याला मोबाईल टेकवण्याची. म्हणाले, "ही सवय तुला मी लावली. तुला एकटीला बोलले, ते चुकलं माझं."

ती खाली बघून म्हणाली, "आई, खरं सांगू? मी जेवते, पण मला आठवतच न्हाई. व्हिडिओ आठवतो. दोन घास खाल्ले की बघत बसते, मग भाकरी वाळून जाते, मग टाकवत न्हाई म्हणून गाईला घालते. डबा रिकामा आला की तुला बरं वाटतं ना."

"मग मोबाईल बाजूला ठेवून का जेवत नाहीस?"

"कुणासंगं?" ती म्हणाली. "माझी अन् खोलीतल्या दुसऱ्या पोरीची बॅच येगळी हाय. दुपारी खोलीत मी एकटीच असते. भिंतीकडं बघत जेवू का?"

महिन्यातून एकदा आयांना उपदेश करणाऱ्या बाईच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. पोरं मोबाईल बघत जेवतात, हे मला दिसत होतं. ती कुणाबरोबर जेवतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. चवसुद्धा कुणाशी तरी बोलावी लागते, एकटीनं ती लक्षात तरी कशासाठी ठेवायची?

सोमवारी सकाळी स्टँडवर मी त्या पंक्चरवाल्या भाऊंना गाठलं आणि आधी ते खोटं कबूल केलं. "भाऊ, माझ्या लेकीचा फोन आला नव्हता. तिला कळलंच नव्हतं काय खाल्लं ते." मला वाटलं, मनात तरी हसतील. ते म्हणाले, "ताई, माझी पोरगी लई वळखते म्हणून मी फुगलो होतो. पण सांगू का, तिला बी तिथं कुणी न्हाई. पहिल्या घासाला मला फोन करते ते त्याच्यामुळंच. रोज करते. मी पंक्चर काढून राहिलो असतो, अन् ती भाजीचं सांगते."

मग आम्ही दोघांनी स्टँडवरच एक गोष्ट केली. माझा डबा माझ्या पिशवीतून काढला आणि त्यांच्या पिशवीत, त्यांच्या डब्यावर ठेवला. कंडक्टर बघत होता. म्हणाला, "आता हे काय नवीन?" भाऊ म्हणाले, "दोन डबे, एकच पिशवी. एकटीला नेताच येऊ नये म्हणून."

पोरींना फोन करून कळवलं, तर दोघींच्या खोल्या दोन गल्ल्यांच्या अंतरावर निघाल्या. इतके महिने दोघी एकाच गाडीवरून पिशव्या उचलत होत्या आणि एकमेकींचं तोंड ओळखत नव्हत्या, कारण उचलतानाही नजर हातातल्या मोबाईलमध्ये. पहिले काही दिवस दोघी अवघडून जेवल्या, असं लेकीनं नंतर सांगितलं. मग एक दिवस अंबाडीवरून भांडण झालं. त्या पोरीनं एक घास जबरदस्तीनं खायला लावला, लेकीनं तोंड वाकडं केलं, दोघी हसल्या, आणि तिथून सुरू झालं.

मोबाईल सुटला असं मी म्हणणार नाही. कधी कधी दोघी मिळून एकाच मोबाईलवर काहीतरी बघत जेवतात, हे मला माहीत आहे. अभ्यासाचे तासही त्याच मोबाईलवर असतात, तो काही विहिरीत टाकता येत नाही. मी बंदी घातली नाही. एकच केलं. सकाळी भाजी कशाची आहे ते फोनवर सांगणं बंद केलं, तिनं खाऊन मला सांगावं म्हणून. दुपारी खिचडी वाढून झाली की मी वाट बघते. फोन कधी येतो, कधी येत नाही.

दुसरा महिना संपला तेव्हा आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. लेक काट्यावर चढताना मी डोळे मिटून घेतले. ह्यांनी काटा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. वाढ काही फार नव्हती. पण होती. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या. पायऱ्या उतरताना लेक बापाच्या तोंडाकडे बघत होती. हे दोन पायऱ्या पुढे गेले आणि वळून न बघताच म्हणाले, "क्लास कितीला हाय तुझा? चल, सोडतो." माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी मनातल्या मनात किती जणांचे आभार मानले! त्या देगलूरकडच्या बापाचे, त्याच्या पोरीचे, कंडक्टरचे, माझ्या ह्या अबोल माणसाचे. गाईचेसुद्धा मानले. तिनं सांगितलं नसतं तर मी अजून तूप वाढवत बसले असते.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते आणि थांबते. अंगणवाडीचं काम आता आम्हालाही मोबाईलमध्ये भरावं लागतं. त्या सकाळी कुणाकुणाची माहिती भरायची राहिली म्हणून सारखे मेसेज येत होते. एका हातात मोबाईल, एका हातात उलथनं, असं मी वांगं परतलं, डबा भरला, स्टँड गाठला. दुपारी पोरांना खिचडी वाढत होते तेवढ्यात फोन वाजला.

"आई, आज वांग्यात मीठ न्हाई."

"नाही? कमी आहे का?"

"कमी न्हाई, अजिबातच न्हाई. मोबाईल बघत केलीस न्हवं भाजी?"

मागून त्या दुसऱ्या पोरीचं खळखळून हसणं ऐकू आलं. मी काही बोलणार तोवर लेकच पुढे म्हणाली, "असू दे, पप्पांच्या डब्यातलं लोणचं घेतलंय आम्ही." त्या पोरीच्या बापाला ती आता पप्पाच म्हणते. मग घास चावत म्हणाली, "पण कारळाचं कूट घातलंस बघ. ते कळून राहिलंय. उमरीच्या आज्जीच्या हातच्यासारखं लागतंय."

समोर वीस लेकरं ताटल्या घेऊन बसली होती आणि मी पळी हातात धरून तशीच उभी होते. "हो माय, मीठ विसरले, चुकलंच माझं," मी म्हणाले. माझी चूक दाखवली म्हणून मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मोबाईल मी खिचडीच्या पातेल्यापासून लांब, खिडकीत ठेवला आणि पुढच्या पोराला वाढायला गेले.